कार्डिनलच्या टोपीखालची हवा

इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की मी सांगायचे, ‘हवेचं काम करते.’ समोरच्याला वाटे, बाई विमान कंपनीत आहेत. एका काकांनी तर मला मुंबईच्या तिकिटाचं विचारलं होतं. मग समजावून सांगावं लागे, की मी इमारती उबदार ठेवणारी इंजिनिअर आहे. बाहेर बर्फ पडत असताना तुम्ही आत नुसत्या शर्टावर बटाटेवडे खाताय, ते कुणीतरी आधी कागदावर आखलेलं असतं, आणि ते आखणं हे माझं काम. ‘म्हणजे एसी रिपेअर करता होय!’ काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला आदर जो उतरला तो कायमचाच.

आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र शाळेतच शिकवून झालेलं असतं. गरम हवा वर जाते, थंड हवा खाली येते. पुढची सगळी वर्षं या दोघींची भांडणं सोडवण्यात जातात. शिवाय माणसाला थंडी वाजते ती पुष्कळदा हवा थंड असते म्हणून नाही, तर ती हलत असते म्हणून. मानेवरून वाऱ्याची एक बारीक झुळूक गेली, की खोली कितीही गरम असो, माणूस कुरकुरणारच. आणि कधीकधी हवेत काहीच बिघडलेलं नसतं, बिघाड माणसांत असतो. एका ऑफिसात दोन क्लार्क बायकांचं तापमानावरून रोज वाजायचं. माझा बॉस वॉल्टर याने दोघींच्या टेबलांशेजारी तापमान कमीजास्त करायचा एकेक थर्मोस्टॅट बसवून दिला. त्या थर्मोस्टॅटांच्या मागे एकही वायर नव्हती. दोघी आपापली चकती फिरवत सुखानं नांदू लागल्या. मी घरी हे सांगितलं तेव्हा अरुण, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, ‘टोपी घातलीत की तुम्ही त्यांना!’ आमच्या धंद्यात याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मीही पुढे दोनचार ठिकाणी असं केलं आहे आणि मला त्याचं काही वाटलेलं नाही. एका ठिकाणी मात्र मी ते करायला नकार दिला. त्याचीच ही गोष्ट.

पूर्वेकडच्या एका जुन्या बंदराच्या शहरात एक प्रचंड कॅथलिक चर्च आहे. शहराचं नाव सांगत नाही. ते कॅथीड्रल आहे, म्हणजे तिथल्या बिशपची खुर्ची त्या चर्चमध्ये असते. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, त्याचं हीटिंग नव्यानं करायचं काम आमच्याकडे आलं. वॉल्टरला चर्चची कामं आवडत नसत. ‘छत उंच, गिऱ्हाईक म्हातारं, आणि निर्णय घ्यायला देव,’ असं तो म्हणायचा. त्याने ते काम माझ्या गळ्यात टाकलं आणि मी ते हरखून घेतलं.

ते दिवस मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. बाहेरच्या रस्त्यावर ट्रक, हॉर्न, कुणाच्या तरी गाडीतलं मोठ्यानं लावलेलं गाणं. जड दार मागे लोटलं की ते सगळं कुठल्या कुठे जायचं. आत दुपार असायची. बाहेर सकाळ असली तरी आत दुपारच. खिडक्या इतक्या उंचावर होत्या, की उजेड खाली येईपर्यंत थकून जायचा. पहिल्या दिवशी मी वेदीच्या पायऱ्यांशी गेले आणि सवयीनं बूट काढले. कुणी काढायला सांगितले नव्हते, हात आपोआप खाली गेले. नायलॉनच्या मोज्यांतून फरशीचा गारठा अंगात शिरला, आणि तो गारठा वाहत होता. भिंतीकडून मधल्या वाटेकडे थंड हवेचा एक ओढाच चालला होता.

‘तुमचे बूट चावतात का?’ मागून कुणीतरी विचारलं.

हे मॉन्सिन्योर. हे नाव नव्हे, मोठ्या पाद्र्याला द्यायची पदवी आहे. सगळे त्यांना तसंच म्हणत, म्हणून मीही तसंच लिहिते. वय ऐंशीच्या घरात, उंच, किंचित वाकलेले, गाल थंडीनं लाल झालेले. चर्चची देखभाल त्यांच्याकडे होती. मी म्हटलं, आमच्याकडे देवापुढे बूट काढतात. त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मग तुमचे देव आमच्यापेक्षा उबदार ठिकाणी राहत असले पाहिजेत.’

खिडक्या इतक्या उंच का, ते त्यांनीच सांगितलं. हे चर्च बांधलं तेव्हा या देशात कॅथलिक म्हणजे परके लोक. हे पोपचं ऐकणार, आपल्या सरकारचं नाही, असं लोकांना वाटे. दंगली होत, चर्चं जळत. म्हणून खालून भिरकावलेला दगड पोचणार नाही इतक्या उंचीवर खिडक्या ठेवल्या. हे उभं केलं ते आयरिश गोदी कामगारांनी आणि घरोघरच्या मोलकरणींनी. त्या भीतीचा परिणाम मी माझ्या मोज्यांत अनुभवत होते. उंच काचांवर हवा गार पडून भिंतीवरून खाली घसरत होती, आणि गरम हवा वर जाऊन छतावरच्या देवदूतांना ऊब देत होती.

हवा दिसत नाही, ही आमच्या धंद्यातली मुख्य अडचण. ती कुठून कुठे जाते ते पाहायला आम्ही धुराच्या नळ्या वापरतो. त्यांचा वास घशाला लागतो. मी पहिली नळी फोडली तशी मॉन्सिन्योरांनी हात वर केला. ‘या घरात धुराची सोय आहे,’ म्हणाले, आणि आत जाऊन साखळ्यांचं चांदीचं धुपाटणं घेऊन आले. त्यात निखारा फुलवून वर ऊद टाकला. त्यानंतर कितीतरी दुपारी आम्ही दोघं रिकाम्या बाकांवर बसून धूर बघत असू. ते धुपाटणं हलवत, मी कागदावर बाण काढी. आईच्या संध्याकाळच्या उदबत्तीचा धूर असाच रेंगाळायचा. मी पगार घेऊन असं काही करत आहे यावर माझा विश्वास बसत नसे.

‘आमच्याकडे धूर महत्त्वाचा,’ ते एकदा म्हणाले. ‘रोमला नवा पोप निवडायला कार्डिनल जमतात. पोपच्या खालोखालचे हे लोक. त्यांना आत कोंडून घेतात. निवड झाली नाही तर काळा धूर, झाली तर पांढरा. सगळी दुनिया चौकात उभी राहून एका धुरांड्याकडे बघत असते.’ एवढं बोलून ते थांबले, कारण आमचा धूर वेदीच्या डाव्या अंगाला वर चढत एका लाल वस्तूभोवती फिरायला लागला होता. ती वस्तू छतापासून लांब तारेनं लटकत होती, आणि तिचे गोंडे हलत होते.

‘हे व्हायला नको,’ मॉन्सिन्योर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

ती टोपी होती. रुंद काठाची, सपाट, दोन्ही बाजूंना लाल गोंड्यांच्या लांब माळा. पूर्वी नवा कार्डिनल झाला की पोप स्वतः त्याच्या डोक्यावर ही टोपी क्षणभर धरायचे. नंतर ती कधीच घालायची नाही. तो कार्डिनल गेला, की त्याच्या चर्चमध्ये, त्याच्या थडग्याच्या वर, ती छताला टांगायची आणि तशीच राहू द्यायची. धूळ झटकायची नाही, दुरुस्ती करायची नाही. तार गंजून, कापड कुजून, ती आपणहून पडेल तेव्हा पडेल. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी त्या कार्डिनलचा जीव शुद्धीच्या अवस्थेतून सुटून स्वर्गात पोचला, असं लोक मानतात. ही प्रथा पोपनीच मागे बंद केली होती. ज्या लटकत होत्या त्या तेवढ्या उरल्या.

‘हा चर्चचा नियम नाही, लोकांचं बोलणं आहे,’ ते घाईनं म्हणाले, जणू मी उलटतपासणी घेणार होते. ‘पण मी तरुणपणी या कार्डिनलांचा सेक्रेटरी होतो. रोज सकाळी आलो की आधी वर बघतो. तुमच्या पंख्यानं ती पडली, तर मला कधीच कळणार नाही की ते सुटले की नाही. मला एवढं वचन द्या.’

मी वचन देऊन टाकलं. इंजिनिअरनं असं करायचं नसतं.

ऑफिसात वॉल्टरनं डोक्याला हात लावला. एवढ्या मोठ्या जागेत वरून जोरानं हवा सोडणं हाच सोपा मार्ग होता आणि त्याची आखणीही तयार होती. ‘सुनंदा, मासे पकडायची नायलॉनची दोरी घे,’ तो म्हणाला. ‘शिडी लावून टोपी वर पक्की बांधून टाक. खालून कुणाला दिसणार नाही. म्हातारा खूश, इन्शुरन्सवाले खूश.’

‘मग ती कधीच पडणार नाही.’

‘तेच तर पाहिजे ना?’

‘त्यांना ती पडायला हवी आहे, वॉल्टर. फक्त आपण पाडायला नको आहे.’

‘तुझा विश्वास आहे यावर?’

‘माझा प्रश्न कुठे आला?’ मी म्हटलं. घरीही तेच. अरुण म्हणाला, ‘यार, तू हीटिंग इंजिनिअर आहेस की त्या कार्डिनलची वकील?’ आमची लेक टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, ‘आई, इट्स जस्ट अ हॅट!’ त्या म्हाताऱ्या माणसाची रोज सकाळी वर जाणारी मान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. वर गुपचूप दोरी बांधायची आणि खाली ते वाट बघत बसणार, हे माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

दुसरा मार्ग होता. हवा वरून न सोडता खालून, बाकांच्या पायाशी, इतकी हळू सोडायची की कुणाला कळूही नये. ती माणसांना ऊब देत आरामात वर जाईल आणि टोपीपाशी पोचेपर्यंत निवांत होईल. वरचा जुना मोठा पंखा फक्त उन्हाळ्यासाठी ठेवायचा. यासाठी हवा नेणारे सगळे पत्र्याचे मार्ग तळघरातून न्यावे लागणार होते, म्हणून मी तळघरात उतरले.

तिथे दुसरं चर्च होतं. बुटकं, बॉयलरच्या भिंतीला लागून, रंग उडालेलं. चार बाकं, एक लहान वेदी, आणि भिंतीतल्या कोनाड्यात एक मूर्ती. प्रवासी माणूस, हातात काठी, मांडीवर जखम, आणि पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा. मला एकदम दत्ताची आठवण झाली. समोर एकच मेणबत्ती जळत होती आणि काळ्या कपड्यातली एक ठेंगणी म्हातारी कुत्र्याच्या डोक्यावरची धूळ पदरानं पुसावी तशी आपल्या स्वेटरच्या बाहीनं पुसत होती.

ही कार्मेला. आम्ही लवकरच मैत्रिणी झालो. मूर्ती रोक्कोची, साथीच्या आजारातून वाचवणारा संत. कार्मेलाच्या आईवडिलांच्या पिढीनं इटलीतून येताना तो आणला. पण वरचं चर्च आयरिश लोकांचं. इटालियन आले तेव्हा ते सगळ्यांत गरीब, भाषा येत नाही, मिरवणुका काढतात, मूर्तीला मिठ्या मारतात. त्यांना सांगितलं, तुमची प्रार्थना तुम्ही खाली भरवा. ‘माझं लग्न इथे लागलं,’ कार्मेला म्हणाली, ‘वर ऑर्गन वाजत होता, दुसऱ्या कुणाच्या लग्नाचा. आम्ही त्याच्यावरच काम भागवलं.’ पुढे इटालियन मंडळी उपनगरांत गेली, तळघर बंद पडलं. ही एकटी रोज येऊन मेणबत्ती लावत राहिली.

त्या रविवारी आमच्या मंडळाची मीटिंग एका मित्राच्या बेसमेंटमध्ये होती. आमचा गणपतीही वर्षभर तिथेच असायचा, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, बेडशीटमध्ये गुंडाळलेला. यापूर्वी मला त्यात काही खटकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी सारखी तिकडे बघत होते.

अडचण अशी, की माझ्या आखणीतला मुख्य पत्र्याचा मार्ग नेमका रोक्कोच्या कोनाड्यातून जात होता. दुसरीकडून न्यायचा तर पाया फोडावा लागला असता. मूर्ती हलवायलाच हवी होती. मी मॉन्सिन्योरांना म्हटलं, वर न्या, वर इतकी जागा आहे. ‘कार्डिनलांच्या काळापासून ती खाली आहे,’ एवढंच म्हणाले. आठवडे गेले. थंडी वाढली. वॉल्टर रोज विचारायचा आणि मी रोज काहीतरी थाप मारायचे.

मग एका दुपारी, धूर बघत असताना, त्यांनी विचारलं, ‘तुमच्या लोकांत अशी काही खूण असते का? गेलेला माणूस सुखरूप पोचल्याची?’

मी त्यांना कावळ्याबद्दल सांगितलं. दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा त्याला शिवायची वाट बघतात. शिवला, की गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही. नाही शिवला, तर काहीतरी राहून गेलं आहे. मग जमलेले लोक त्या माणसाला सांगतात, धाकटीचं लग्न आम्ही करू, आईला आम्ही सांभाळू. काय राहिलं असेल ते आठवून आठवून एकेक बोलून बघायचं.

‘मनात?’

‘नाही, मोठ्यानं. सगळ्यांसमोर.’

आणि मग, का कोण जाणे, मी कुणाशीच न बोललेलं त्यांना सांगितलं. माझे वडील गेले तेव्हा मी इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेजला शिकत होते. वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. पुढे घरी गेले तेव्हा धाकट्या भावानं सांगितलं, की कावळा काही केल्या शिवेना. भावाच्या नोकरीचं बोलून झालं, आईचं बोलून झालं. झाडावर कावळे होते, पण खाली येईनात. शेवटी आमचे काका पुढे झाले आणि म्हणाले, ‘दादा, सुनंदा परत येईल. तिला आम्ही परत आणतो.’ आणि कावळा आला.

‘तुम्ही परत गेलात?’ मॉन्सिन्योरांनी विचारलं.

‘नाही.’

कावळ्याला टोपी घातली, याहून नेमका शब्द मला आजही सापडत नाही. पण तो इंग्रजीत कसा सांगणार, आणि तोही वर खरोखरीची टोपी लटकत असताना! मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. वडिलांसाठी मी इतक्या उशिरा, एका परक्या देवळात, सातासमुद्रापलीकडे रडले. मॉन्सिन्योरांनी धुपाटणं खाली ठेवलं आणि आपला रुमाल दिला. तो उदाच्या वासानं भरलेला होता.

मग ते बोलायला लागले. कार्डिनल पोपच्या निवडणुकीला रोमला गेले तेव्हा ते सेक्रेटरी म्हणून बरोबर होते. अमेरिकेहून बोटीनं जायला इतके दिवस लागत, की पूर्वी इथले कार्डिनल पोचेपर्यंत पोप निवडूनही झालेला असे. नियम बदलून निवडणूक सुरू व्हायच्या आधीचे दिवस वाढवले, तेव्हा कुठे यांना गाठता आलं. आत लाकडी पडदे घालून खोल्या केलेल्या होत्या, झोपायला लोखंडी खाट.

‘इथे ते राजासारखे राहत,’ मॉन्सिन्योर म्हणाले. ‘मेयर त्यांच्यासाठी उठून उभा राहायचा. तिथे जिकडेतिकडे इटालियन. चारशेहून जास्त वर्षं पोप इटालियनच होत आला होता. जेवणाच्या वेळी सगळे आपापसात हसत. आमच्या कार्डिनलांचं लॅटिन ऐकून दोघांनी तोंडावर हात धरलेला मी पाहिला. मतदानाला प्रत्येकाच्या आसनावर एक लहान छत असायचं. पोप निवडला गेला की बाकी सगळ्यांची छतं खाली पाडत, एकाचंच वर राहायचं. त्या रात्री खाटेवर बसून ते मला म्हणाले, “माझं छत पडलं त्याचं काही नाही, पोरा. पण इतके दिवस मी या लोकांच्या तळघरात बसलो होतो. घरी गेल्यावर रोक्कोला वर आणायचं.”’

‘मग?’

‘घरी आल्यावर ते अंथरुणालाच खिळले. रोक्कोचा सण ऑगस्टमध्ये असतो. त्याआधीच गेले. त्यांची ही इच्छा फक्त मला माहीत होती, आणि मी नव्या लोकांना सांगितली नाही. म्हटलं, प्रवासाचा शीण असेल, तापात बोलले असतील.’ त्यांनी निखाऱ्याकडे पाहिलं. ‘मीही आयरिशच आहे, सुनंदा. मलाही तो वर नको होता.’

निखारा विझत आला होता. ते बाकाचा आधार घेऊन उठले, टोपीच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले, आणि त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत कार्डिनलना उद्देशून मोठ्यानं म्हणाले, ‘युअर एमिनन्स, रोक्को वर येतोय.’

आम्ही दोघं वर बघत राहिलो. गोंडासुद्धा हलला नाही.

मूर्ती आम्ही लगेच हलवून ऑगस्टच्या सणापर्यंत तळघरातच चादरीखाली ठेवली, माझे पत्र्याचे मार्ग कोनाड्यातून गेले आणि त्या हिवाळ्यात लोकांनी पहिल्यांदा चर्चमध्ये कोट काढले. मी धूर सोडून पाहिला. तो बाकांतून सावकाश वर चढला आणि टोपीपाशी पोचेपर्यंत विरून गेला. वॉल्टर स्वतः येऊन बघून गेला. ‘देखणं काम आहे,’ म्हणाला. तो असं सहसा म्हणत नसे. मला त्या कामाचा आजही अभिमान आहे.

ऑगस्टमध्ये रोक्को वर आला. उपनगरांतून इटालियन मंडळींची मुलं, नातवंडं आली. बँड होता, भर उन्हात मिरवणूक निघाली, म्हाताऱ्यांनी कुत्र्याच्या तोंडातल्या भाकरीला हात लावून डोळ्यांना लावला. तळघराच्या जिन्यानं कार्मेला मूर्तीच्या मागोमाग माझा हात धरून चढली. वर आल्यावर तिने वळून खाली पाहिलं.

‘एवढ्याच पायऱ्या होत्या होय!’ ती म्हणाली.

मॉन्सिन्योर वेदीपाशी उभे होते. सगळे रोक्कोकडे बघत होते आणि ते वर बघत होते. टोपी पडली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या वर्षीही नाही.

दर फॉलला हीटिंग सुरू करायच्या आधी मी तपासणीला जायचे. एका वर्षी गेले तेव्हा मॉन्सिन्योर चाकांच्या खुर्चीत होते. हात कापत होते, पण गालांची लाली तशीच. रोक्कोसमोर मेणबत्त्यांची रांग होती; आता फिलिपिनो, व्हिएतनामी बायकाही तिथे थांबत. आम्ही आमच्या नेहमीच्या बाकाशी बसलो. उजेड खाली उतरत राहिला. रोमला पोलंडचा पोप आहे, हे कार्डिनलना बघायला मिळायला हवं होतं, असं ते म्हणाले. मग थोड्या वेळानं विचारलं, ‘ते कावळ्याचं. तुम्ही सगळी वचनं दिलीत, पाळलीत, आणि तरी तो आलाच नाही तर?’

‘तर दर्भाचा कावळा करतात,’ मी म्हटलं. ‘दर्भ म्हणजे एक गवत. त्याचा कावळा करायचा आणि आपल्याच हातानं पिंडाला शिववायचा.’

‘आणि ते चालतं?’

‘चालवून घेतात. घरी जायचं असतं ना सगळ्यांना.’

ते हसले. मग वर पाहिलं, मग माझ्याकडे. ‘तो जुना पंखा अजून आहे?’

मला कळलं. जे होऊ नये म्हणून मी वॉल्टरशी भांडले, तळघर पालथं घातलं, तेच ते मागत होते. थंडीत तो पंखा लावायचा नाही हा नियम माझाच होता. खाली जाऊन मी तळघरातल्या बटणानं पंखा लावला आणि पूर्ण जोरावर नेला.

वर आले तेव्हा चर्चमध्ये वारा सुटला होता. मेणबत्त्या आडव्या झाल्या होत्या. टोपी तारेवर गोल गोल फिरत होती, गोंड्यांच्या माळा उडत होत्या, आणि कित्येक वर्षांची तांबूस धूळ मॉन्सिन्योरांच्या खांद्यांवर, पांढऱ्या केसांवर, वर केलेल्या चेहऱ्यावर पडत होती. तार कुरकुरली. आता पडेल, आता पडेल असं वाटत होतं, आणि खरं सांगते, पडावी असंच मला वाटत होतं.

ती पडली नाही.

मॉन्सिन्योर डोळे पुसत हसत होते. ‘ऐकत नाहीत,’ म्हणाले. ‘जिवंतपणीही कुणाचं ऐकत नसत.’

‘अजून थोडा वेळ चालू ठेवू?’ मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो गार होता.

‘बंद करा आता,’ ते म्हणाले. ‘फार दिवस राहिलेले नाहीत. मीच जातो आणि सांगतो त्यांना.’